गोकुळाबाईनं तलाव दाखवला

"काटा भरन म्हनून भ्यायचं नाई, बाई. पार म्हंजे आमची सडक हाये. डोळे मिटून चाला. तुमच्या नदीवानी रेतीत टोंगळाभर पाय फसत नाई इथी."

"नदीले नाव ठेवू नको, गोकुळा. नदी वाहते. तुह्यं पानी तं बसलं हाये, जेवन झालेल्या बुढ्यावानी."

"बसलं हाये म्हनून तं सापडते ना! तुमची मासोळी आज चामोर्शीले, उद्या आंध्रात. तिच्या मांगं मांगं तुमी बी जाता का गाठोडं घेऊन?"

मागून चालणारा मुखरू फसकन हसला. त्याच्या मोठ्या बहिणीनं, रुखमाबाईनं, मान वळवून त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं हसू तिथंच गिळलं. पोरीचा बाप तो होता, पण पोरगी द्यायची की नाही हे रुखमाबाई ठरवणार होती. एवढं सगळ्यांना माहीत होतं, मुखरूला सगळ्यांत जास्त.

हे बोलणं चाललं होतं मोहबोडीच्या तलावाच्या पारावर. दोन हजार एकची दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. आदल्या आठवड्यात एक अवकाळी सर येऊन गेली आणि आभाळ असं धुतलं गेलं की कुठं ढगाचा ठिपका नाही. तलावाच्या तीन बाजूंना पहाड, चौथ्या बाजूला हा मातीचा पार. मालगुजाराच्या वेळचा, बैलबंडी जाईल एवढा रुंद. पाराच्या अल्याड धानाच्या बांध्या, कापून आडव्या पडलेल्या धानाचा वास सुटलेला. पल्याड पाणी. मोहबोडीत जन्म गेलेल्या माणसानंही थांबून पाहावं असा दिवस होता. मोहबोडीतलं कोणी थांबत नाही, ती गोष्ट वेगळी. धान कापायचा सोडून पहाड कोण पाहते?

गोकुळाबाईनं तर तीस वर्षांत पाहिला नव्हता. ब्रह्मपुरीकडच्या गावातून ती नवरी होऊन आली, हळद उतरायच्या आत सासूनं डोक्यावर मासोळीची टोपली दिली, तेव्हापासून हा पार तिच्यासाठी नागभीडच्या बाजाराचा रस्ता. सकाळी भरली टोपली, सांजेला रिकामी. बाजारात तिचा आवाज बसस्टँडपर्यंत जायचा. एकदा एक साहेब मासोळीचे कल्ले उघडून, पोट दाबून, शेपटी वाकवून पाहत होता, तर गोकुळाबाई म्हणाली, "घेऊन टाका साहेब, आता तिच्यासंगं दुसरं कोन लगन करन!" बाजार हसला आणि साहेबानं गपगुमान पिशवी पुढं केली. अशी बाई. पण आज डोक्यावर टोपली नव्हती, आणि तिला हात कुठं ठेवावेत तेच कळत नव्हतं. एकदा कमरेवर, एकदा पदरात, एकदा उगाच आभाळाकडं.

तिचा जीव टांगलेला होता. पोट्टा निकेश, बावीस-तेवीसचा, जाळ खांद्यावर टाकून सगळ्यांच्या पुढं मुकाट चालला होता. त्याच्यासाठी दोन ठिकाणं येऊन गेली होती. एका ठिकाणचे आले त्या साली पाऊस दगा देऊन गेला होता. त्यांनी तलावातला चिखल पाहिला आणि चहा न पिता उठले. दुसऱ्यांना भद्रावतीच्या फॅक्टरीत लागलेला जावई पाहिजे होता. त्यानंतर निकेशनं मायला सरळ सांगितलं, "हे तिसरं ठिकान गेलं तं मी घुग्घुसले चाललो. श्यामराव कोळशाच्या ट्रकवर हाये, मले बी लावतो म्हन्ते. पान्याकडं पाहत बसनाऱ्याले पोरगी कोन देते?" बाप हरिदास मोहाच्या झाडावरून पडला होता, तेव्हापासून त्याचा एक पाय काठीच्या भरवशावर. ओढजाळाला दोन टोकं असतात आणि दोन्ही टोकांना माणूस लागते. निकेश गेला म्हणजे जाळ आढ्याला टांगायचं आणि उंदरांची सोय करायची.

पोरीत काही खोट नव्हती. रुपाली नाव. चामोर्शीच्या पुढं वैनगंगेच्या काठावरची. पोट्टा-पोट्टीनं एकमेकांना एका लग्नात पाहिलं होतं, आणि दोघंही त्यावर काही बोलत नव्हती, म्हणजे पसंत होती. सोयरीक अडली होती ती एका बुढीपाशी.

आणि आमच्याकडं ढिवराच्या घरी पोरगी द्यायची तर घर कोणी पाहत नाही. घरात पाहायला असते काय? कुडाच्या भिंती, चूल, कोंबडी. आमच्याकडं तलाव पाहतात. पोराच्या घरचं माणूस पाहुण्यांना पाण्याकाठून फिरवून आणते, आणि पाहुण्याला वाटेल तिथं तो पाण्यावर बोट दाखवतो. तिथं पोरानं जाळ फेकायचं. एकदाच. जे निघेल ते दुपारी पाहुण्याच्या ताटात. काही निघालं नाही तर पाहुणा वरणभात खातो आणि काय समजायचं ते समजतो.

गोकुळाबाईनं त्याची तजवीज करून ठेवली होती. पाराच्या मध्यावर, पाणी सोडायच्या तुडुमाजवळ, मोठं कहूचं झाड आहे. त्याच्या सावलीत ती गेले काही दिवस रोज पहाटे टोपलीभर धानाचा कोंडा पाण्यात टाकत होती. तलावातल्या निम्म्या मासोळ्या तिथंच मुक्कामाला आल्या होत्या. पाहुणी म्हातारी, एस्टीनं दमून आलेली. झाडाखाली टेकेल, पाणी पिईल आणि समोरच बोट दाखवेल. दुसरीकडं कशाला दाखवते?

पण रुखमाबाई दमेना. सत्तरीला आलेली, काटक, काळी, गुडघ्याच्या वर खोचलेलं लुगडं, आणि चाल अशी की मुखरूला मधूनमधून पळावं लागत होतं. पहिला अर्धा पार ती नावं ठेवत चालली. पाणी हिरवं आहे. काठाला बेशरमाची झुडपं माजली आहेत. कमळाच्या पानांत जाळ अडकते. बगळे आळशी दिसतात.

"बगळे आळशी?" गोकुळाबाई म्हणाली. "अवो बाई, पोट भरलेला बगळा असाच दिसते. तुमच्या नदीवरचा दिवसभर भटकत असन, बिचारा."

आणि मग पार थोडा वळला, कमळाची पानं मागं राहिली आणि मोकळं पाणी समोर आलं. वारा नव्हता. रुखमाबाई एकदम थांबली. मुखरू तिच्या पाठीवर आदळता आदळता राहिला.

"अगा मुखरू! पहाड उलटा झाला!"

समोरचा अख्खा पहाड पाण्यात होता. साग, येन, मोह, मधली लाल मातीची घसरण, माथ्यावरचा काळा खडक, सगळं खाली डोकं वर पाय. त्याच्या मागं दूर पेरजागड, तोही पाण्यात, इतका लख्ख की कोणी आताच फडक्यानं पुसला असावा. एक पाणकावळा उडाला तर दोन उडाले, एक वर, एक खाली.

"नदीत नाई दिसत का?" गोकुळाबाईनं विचारलं. तिला खरंच माहीत नव्हतं.

"नदी थांबन तवा दिसन ना! माह्या जन्मात नदीनं एक पहाड धरून ठेवला नाई." बुढीनं वाकून मातीचं ढेकूळ उचललं आणि पाण्यात मारलं. पहाडाचे तुकडे तुकडे झाले. ती टाळी वाजवून हसली, आणि पहाड परत जुळून येईपर्यंत तिथंच उभी राहिली. मग दुसरं ढेकूळ मारलं. "मुखरू, तू बी मार!"

मुखरूनं इकडंतिकडं पाहून एक ढेकूळ मारलं. निकेशलाही राहवलं नाही, त्यानं चपटा दगड घेतला आणि पाण्यावर टप्पे खात असा पळवला की थेट पेरजागडाच्या पोटात गेला.

"शाब्बास रे पोट्ट्या!" बुढी ओरडली. निकेशचे कान लाल झाले. गोकुळाबाईच्या अंगात तर वारं भरलं. जमलं म्हणायचं! तिनं पाय उचलले आणि सगळ्यांना ओढतच कहूच्या झाडाखाली नेलं. "बसा बाई, सावली हाये. पानी प्या. दम घ्या."

"मी दमली नाई."

"तं उगाच बसा."

झाडाखाली पाणी नुसतं उकळत होतं. रोहूच्या पाठी वर येत होत्या, लहान मासोळ्या चांदीसारख्या उड्या मारत होत्या. मुखरूच्या तोंडाला पाणी सुटलं. "बाई, इथीच दाखव बोट! हे पाह्य, हातानं भेटतीन!"

रुखमाबाई काठावर उकिडवी बसली. पाण्यात ओंजळ घातली, नाकाशी नेली, हुंगली. ओंजळीत कोंड्याचे कण होते.

"गोकुळा, मासोळी हाये का म्हस? कोंडा चारून दूध काढतो का तिचं?"

मुखरू पुन्हा फसकन हसला आणि या वेळी त्याला कोणी दाबलं नाही. निकेशनं मायकडं पाहिलं, त्याला यातलं काही माहीत नव्हतं. गोकुळाबाईचा चेहरा क्षणभर उतरला, पण बाजारात तीस वर्षं काढलेली बाई ती.

"चारला मीनं. पावन्याले जेवू घालतो, तं मासोळीले काऊन उपाशी ठेवू? दिवाळी तिची बी असते."

"बोलाले पक्की हायेस." बुढी उठली. "चाला. तो पहाड जवळून पाहाचा हाये मले."

पार संपला की पहाडाच्या पायथ्यानं गुरांची पायवाट आहे. चढ नाही, उतार नाही, एका हाताला जंगल आणि एका हाताला पाणी. गोकुळाबाई या वाटेनं सरपणाला खूपदा गेली होती, पण डोक्यावर भारा असला की माणूस पुढचं पाऊल तेवढं पाहते. आज ती पाहुणीच्या मागं चालत होती आणि पाहुणी तिला तिचाच तलाव दाखवत होती. "ते पाह्य, वांदरं पानी प्यायले आले. ते पाह्य, पलीकडं तुह्यं गाव कसं दिसते, मुंगीवानी! तुह्यं घर कोनतं?" गोकुळाबाईनं हाताचा आडोसा डोळ्यांवर धरला. खरंच, पलीकडं उन्हात सगळं गाव मांडून ठेवलं होतं, आणि त्यात आपलं घर शोधताना तिला हसूच फुटलं. दारात काठी घेऊन हरिदास उभा असावा, इकडंच पाहत. तिनं हात हलवला. त्याला दिसलं नसणार.

पहाडाचा पाय पाण्यात उतरतो तिथं एक आतला कोपरा आहे. तलाव बांधला तेव्हा पाण्याखाली गेलेल्या झाडांचे खुंट तिथं अजून उभे आहेत. मोहबोडीतलं कोणी तिथं जाळ फेकत नाही. रुखमाबाई तिथं थांबली. पहाडाकडं पाहिलं, पाण्याकडं पाहिलं आणि बोट केलं.

"इथी."

"बाई, तिथी खुंट हायेत," गोकुळाबाई म्हणाली.

"तं मंग?"

 निकेशनं जाळाची दोरी मनगटाला बांधली, जाळाचा एक पदर दातात धरला, अर्धा वळला आणि फेकलं. जाळ हवेत उघडलं, ताटासारखं गोल, आणि पहाडाच्या सावलीवर पडलं. असं सुरेख पडलं की मुखरू "वा!" म्हणाला. गोकुळाबाईनं पदर तोंडात धरला. निकेशनं दोरी हळू ओढली. थोडी आली. मग थांबली.

अडकलं.

ओढलं असतं तर फाटलं असतं. निकेशनं ओढलं नाही. दोरी सैल सोडली, पाण्यात उतरला, छातीपर्यंत गेला आणि पायानं चाचपू लागला. एक बाजू सुटली, दुसरी सुटेना. काठावरून रुखमाबाईचा जीव वरखाली होऊ लागला. तिला अडकलेलं जाळ पाहवत नव्हतं, जसं बाकीच्या बायांना रडतं लेकरू पाहवत नाही.

"डाव्या अंगानं जा! अरे डाव्या म्हनलं! खालून घे, खालून! भैताडा, खुंटाच्या मुळात हात घाल ना!"

"घातला बाई, पोहचत नाई."

"कसा नाई पोहचत?"

आणि कोणी काही म्हणायच्या आत ती लुगड्याचा काचा घट्ट करून पाण्यात शिरली. "बाई! बाई वो! परका तलाव हाये!" मुखरू ओरडला, पण तोवर ती निकेशला बाजूला ढकलून खुंटापाशी गळ्यापर्यंत पोचली होती. डोळे मिटले, खाली बुडी मारली. वर नुसते बुडबुडे. गोकुळाबाईनं देवाचं नाव घेतलं. मग जाळ सुटलं, आणि पाठोपाठ बुढी वर आली. केस विस्कटलेले, तोंडातून पाण्याची चूळ, आणि दोन्ही हातांत एक मरळ. काळी, जाडजूड, हातभर लांब, शेपटीनं फाडफाड झापडा मारणारी.

"खुंटाच्या मुळात बसली होती, रांड! राजीखुशीनं बसली होती!"

निकेश आनंदानं ओरडला. मुखरू मात्र कपाळावर हात मारून मटकन खाली बसला. आणि मग बुढीच्याही लक्षात आलं. हातातल्या मरळीकडं ती पाहतच राहिली.

ढिवरानं दुसऱ्या गावच्या तलावात हात घालायचा नसतो. फिरावं, पाहावं, बोट दाखवावं. पण मासोळी काढायचा हक्क गावच्या माणसाचा, नाही तर गावच्या सोयऱ्याचा. तिसऱ्यानं काढली तर ती चोरी. नदीवर तसं काही नसते, नदी सगळ्यांची. नदीची बाई जाळ पाहून भुलली होती.

गोकुळाबाई काठावर दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी राहिली. आता तिला हात कुठं ठेवायचे ते बरोबर कळलं होतं.

"काय म्हनू बाई तुमाले? चोर म्हनू, का सोयरी म्हनू?"

मुखरू हसला नाही.  बुढीनं गोकुळाबाईकडं पाहिलं, मरळीकडं पाहिलं, आणि वाकून दोन्ही हात पाण्यात सोडले. मरळीनं एक गिरकी घेतली आणि गेली.

"आता म्हन. मी काईच काढलं नाई."

ती पाणी निथळत काठावर आली. निकेशनं जाळ बाहेर ओढलं. त्यात शेवाळ होतं आणि एक शिंपला. गोकुळाबाईनं वाकून शेवाळ उलटंपालटं करून पाहिलं. झालं. वरणभात.

"आधी कोंड्यानं फसवाले पाह्यलं," रुखमाबाई लुगडं पिळत म्हणाली, "मंग मरळीनं. फसवून नेशीन का माह्यी पोरगी?"

 या वेळी गोकुळाबाईच्या तोंडून जे आलं ते तसंच आलं. "नेईन. फसवून नेईन, नाई तं मांगून नेईन. बाई, बुढ्याचा पाय गेला. पोट्टा घुग्घुसले जातो म्हन्ते, कोळसा वाह्यले. हे एवढं पानी हाये, अन् माह्या जाळाच्या एका टोकाले मानूस नाई. सून आली तं टोपली ते घेईन, पोट्टा राहीन."

"टोपलीले मानूस भेटलं. टोकाचं काय?"

 इतके दिवस गोकुळाबाईनं पोट्टा थांबेल एवढाच विचार केला होता. थांबल्यावर जाळ कोणासोबत ओढेल, तो केलाच नव्हता.

"आमच्या पोरी नदीत जाळ ओढतेत," बुढी म्हणाली. "धारेत. रुपालीचे तळहात पाह्य तं, चामड्याची चप्पल. तिच्या डोक्यावर टोपली देशीन तं दिवाळसणाले आलेली पोरगी मी परत धाडत नाई. टोक तिच्या हातात देशीन तं बोल."

"इथी बाया जाळ धरत नाई, बाई. शिंगाडे तोडाले उतरतेत, जाळ मानसं ओढतेत. गाव बोंबलन."

"बोंबलू दे ना. गावाले धरा म्हना मंग दुसरं टोक."

निकेश पाण्यात उभा होता, जाळ छातीशी. "मले चालते," तो म्हणाला. लग्नाविषयी पाहुण्यांसमोर दिवसभरात त्याचं तेवढंच वाक्य.

"तुले चालनच," बुढी म्हणाली. "मी तिले विचारून राह्यली."

गोकुळाबाईनं तलावाकडं पाहिलं. वारा सुटला होता, पाणी नुसतं उन्हात चमकत होतं. आपल्या सासूनं आपल्याला टोपली दिली, आपण सुनेला टोपली देणार, हे ती इतकं धरून चालली होती की दुसरं काही देता येते हे तिच्या मनातच आलं नव्हतं. मग तिनं तोंडावरून हात फिरवला आणि बाजारात सौदा तोडतात तसा टाळीसाठी पुढं केला.

"देतो. टोक तिचं. गावाची बोंब मी आयकतो, माह्या आवाजापुढं कोनाचा टिकते ते पाहू!"

बुढीच्या ओल्या हाताची टाळी अशी वाजली की पहाडातून परत आली. वांदरं झाडावर पळाली. मुखरू उठून उभा राहिला आणि विहीणबाई, विहीणबाई म्हणत उगाच सगळ्यांच्या पाया पडत सुटला, अगदी निकेशच्याही. परतीच्या वाटेवर चौघंही एकदमच बोलत होती. मांडव कुठं, वऱ्हाड किती, माघात की फाल्गुनात. रुखमाबाई मधेच थांबून पहाडाला दगड मारत होती.

दुपारी घरी वरणभातच झाला. जाळ रिकामं तर ताट रिकामं, रीत ती रीत. रुखमाबाई दोनदा मागून जेवली. हरिदासनं सगळं ऐकून घेतलं आणि काठी आपटून म्हणाला, "मासोळीच्या सोसायटीत कोन सांगन हे? श्रीहरी सभापती तं अंगावर येईन. बाई जाळ धरते म्हने!"

"येऊ द्या अंगावर. पोरगी धारेत जाळ ओढते, सभापती का जड हाये तिले?" रुखमाबाई म्हणाली.

पाहुण्यांची नागभीडची गाडी गावच्या फाट्यावर येऊन गेली. रुखमाबाई खिडकीतून अर्धी बाहेर येऊन काहीतरी ओरडत होती, ते इंजिनच्या आवाजात कळलं नाही. बहुतेक नदीच्या बाजूनं काही असावं. गोकुळाबाईनं धूळ बसेपर्यंत हात हलवला, मग एकदम वळली. पहाटेच्या खेपेची मासोळी ओल्या पोत्याखाली तशीच पडून होती आणि ऊन कलायला लागलं होतं.

"निकेश, पोत्यावर पानी मार! बाजार उठाले आला अन् मी इथी पावन्याइले हात हालवून राह्यली. चुंबळ कुठी ठेवली माह्यी? बुढ्या, तुह्याच बुडाखाली हाये, उठ!"

चुंबळ डोक्यावर बसवली, निकेशनं टोपली उचलून दिली आणि ती पाराच्या रस्त्याला लागली. वळणावर कोणाची तरी बंडी धानाचे भारे घेऊन आडवी होती.

"अगा लहानू, बैल बाजूले घे! घरची सोयरीक झाली, अन् मासोळी अजून ताजी हाये!"